रोडबाइकवर पुढे वाकून चालवतो. अरुंद सीट घ्यावी का, आणि किती रुंदीची?

हो, हँडल खाली असेल आणि तुम्ही बराच वेळ वाकून जोरात पेडल मारत असाल तर अरुंद सीटच घ्या, पण रुंदी बैठकीच्या हाडांमधल्या (बसल्यावर ज्यांवर भार येतो त्या ढुंगणातल्या दोन हाडांमधल्या) अंतरावरून ठरवा. वाकल्यावर कंबर पुढे झुकते आणि भार त्या हाडांच्या पुढच्या, एकमेकांजवळ येणाऱ्या भागावर जातो, म्हणून कमी रुंदी पुरते. रुंद सीट उलट मांड्यांना आतून घासते. मोजण्यासाठी कडक स्टुलावर नालीदार पुठ्ठा ठेवा, त्यावर बसून पुढे वाका, टाचा किंचित उचला. उठल्यावर दोन खळगे उमटलेले दिसतील. नीट दिसत नसतील तर खडू आडवा धरून फिरवा. दोन्हींच्या मध्यबिंदूंमधलं अंतर अधिक साधारण २० मिमी, ही तुमची रुंदी. म्हणजे ११० आलं तर १३० च्या आसपासची बघा. ताठ बसणाऱ्यांनी ३० मिमी तरी मिळवावेत. जाड जेलच्या मोहात अजिबात पडू नका: हाडं त्यात रुततात आणि मधला भाग वर येऊन नाजूक जागी दाबतो. मात्र रुंदी बरोबर असूनही मुंग्या येत असतील तर आधी सीटचं वर गेलेलं नाक (पुढचं टोक) समपातळीत आणा, उंची जास्त नाही ना तेही बघा. तरी बधिरपणा राहिला तर ती सीट बदला.