मिळणार की जाणार, हे मेंदू आधीच कसं ताडतो? नववीच्या वर्गात ते करून दाखवता येईल का?

बाई, तुम्ही खानापूर तालुक्यात नववीला विज्ञान शिकवता आणि दोन गोष्टी विचारल्या आहेत. काही मिळणार किंवा हातचं जाणार असं वाटतं तेव्हा मेंदूत काय घडतं, आणि ते यंत्राशिवाय वर्गात दाखवता येईल का. दाखवता येतं. फक्त पहिली गोष्ट पक्की नसेल तर प्रयोगाचा नुसता खेळ होतो, म्हणून आधी ती.

सुरुवात कुंद्याच्या, म्हणजे बेळगावी मिठाईच्या, डब्यापासून करा. बाबा बेळगावला जाऊन आले आणि पिशवीतून पहिल्यांदाच कुंदा निघाला. त्या दिवशी आनंद होतो तो कुंदा जिभेवर पडल्यावर. चार-पाच खेपांनी तोच आनंद डबा दिसताच होऊ लागतो, खाताना नवं काही वाटत नाही. मग एके दिवशी त्याच डब्यातून सुईदोरा निघतो. पोराचं कुणी काही काढून घेतलेलं नसतं, तरी ते हिरमुसतं.

मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूत हेच मोजलं. मध्यमेंदूत डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या चेतापेशी असतात, त्या एरवी सेकंदाला साधारण तीन ते पाच स्पंद, म्हणजे विजेचे छोटे ठोके, देतात. अवचित फळांचा रस मिळाला की स्पंद एकदम वाढतात. रसाआधी दरवेळी एक खूण दाखवत गेलं, की काही काळाने पेशी खुणेलाच उसळतात आणि रस येतो तेव्हा जागच्या जागी राहतात. खूण दाखवूनही रस दिला नाही, तर ज्या क्षणी तो यायचा नेमक्या त्याच क्षणी स्पंद थांबतात. १९९७ साली शुल्ट्झ, पीटर दायान आणि रीड माँटेग्यू यांनी याचा अर्थ मांडला: या पेशी मिळालेल्या वस्तूची किंमत मोजत नाहीत, मनाशी धरलेलं आणि आलेलं यांतला फरक मोजतात.

‘नेमक्या त्याच क्षणी’ यावर वर्गात थोडं थांबा. तिथे रस नाही, खूण नाही, बाहेरून काहीच आलेलं नाही. तरी पेशी गप्प झाल्या, म्हणजे आत वेळेची नोंद चालू होती. सात दहाला जांबोटीची गाडी रोज येत असेल तर सात पाचला कुणी बेचैन होत नाही. सात दहा उलटले की पोटात कालवाकालव सुरू होते.

ऊस लावणाऱ्या घरांतल्या मुलांना हा फरक एका मिनिटात कळेल. समजा, कारखान्याने टनाला ३,००० रुपये दिले. एकाने २,८०० धरले होते, त्याचा फरक अधिक २००. दुसऱ्याने ३,२०० धरले होते, त्याचा उणे २००. तिसऱ्याने ३,०००च धरले होते, त्याला काहीच वाटत नाही. तिघांचा दर एकच, बरंवाईट वाटणं वेगळं.

डोपामिन म्हणजे ‘आनंदाचं रसायन’ असं फळ्यावर लिहू नका. ते सगळीकडे छापून येतं आणि ते चुकीचं आहे. संशोधक केंट बेरिज यांच्या प्रयोगातल्या उंदरांमध्ये डोपामिन जवळजवळ नष्ट केलं, तरी तोंडात साखर टाकल्यावर ते गोड लागल्याचेच हावभाव करत. अन्नाकडे मात्र आपणहून जात नसत. हवंसं वाटणं आणि आवडणं या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत.

आता नुकसानीची बाजू, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. डोपामिन पेशींना खाली जायला जागाच कमी असते, कारण तीन-पाचाच्या खाली शून्यच. म्हणून मोठी निराशा स्पंद किती वेळ थांबले त्यावरून कळवली जाते. शिवाय ‘काही मिळणार नाही’ अशी खूण दिसताच हॅबेन्युला नावाचा छोटा भाग जागा होतो आणि डोपामिन पेशींना दाबतो. हे मात्सुमोतो आणि हिकोसाका यांनी २००७ मध्ये दाखवलं. माणसांत, पैसे मिळण्याची वाट पाहताना न्यूक्लियस अक्युंबेन्स नावाचा मेंदूतला भाग सक्रिय होतो. २००५ च्या एका अभ्यासात लोकांनी धोका पत्करण्याआधी तो जास्त सक्रिय दिसला, आणि सावध पर्याय निवडण्याआधी इन्सुला हा दुसरा भाग.

वर्गात कुणीतरी मटक्याचं विचारेलच, सीमाभागातली मुलं ते बघत वाढतात. टाळू नका. ‘एका आकड्याने हुकला’ हे मेंदूला साध्या हरण्यासारखं वाटत नाही. ल्यूक क्लार्क यांनी २००९ मध्ये जुगाराच्या यंत्रासारख्या खेळावर तपासलं: थोडक्यात हुकलं तेव्हा खेळणाऱ्यांना वाईट वाटलं, पण जिंकल्यावर जे भाग सक्रिय होतात त्यांतले काही तेव्हाही सक्रिय झाले, आणि खेळ आपल्या हातात असताना पुन्हा खेळावंसंही जास्त वाटलं. नेमबाजीत थोडक्यात हुकणं म्हणजे हात बसत चालल्याची खूण असते. आकड्यात ४ आणि ५ शेजारी असण्याला काहीच अर्थ नाही, तरी मेंदू नेमबाजीचाच नियम लावतो. मुलांना हे स्पष्ट शब्दांत सांगायलाच हवं.

पहिला प्रयोग, धरलेलं आणि आलेलं. एक स्टीलचा डबा, मूठभर चिंचोके, एक कापडी पिशवी. पिशवीत नऊ चिठ्ठ्या: ५, ६, ७, ८, ८, ८, ९, १०, ११. दर फेरीला चिठ्ठी काढा, तितके चिंचोके डब्यात झाकून ठेवा, चिठ्ठी परत पिशवीत. झाकण उघडण्याआधी प्रत्येकाने अंदाज वहीत लिहायचा. पंधरा फेऱ्यांनंतर काही न सांगता पिशवी बदला, प्रत्येक चिठ्ठीवर चार कमी. आणखी पंधरा फेऱ्या घ्या.

हिशेब असा: नवा अंदाज वजा जुना अंदाज, भागिले आलेली संख्या वजा जुना अंदाज. जुना अंदाज ६, आले १०, नवा अंदाज ७, तर १ भागिले ४, म्हणजे ०.२५. चुकीपैकी किती वाटा मुलाने शिकून घेतला, तो हा आकडा. रेस्कोर्ला आणि वॅग्नर यांचं शिकण्याबद्दलचं १९७२ चं सूत्र याच बेताचं आहे. अंदाज तंतोतंत बरोबर आला तर छेद शून्य होतो, ती फेरी सोडा.

चिठ्ठ्यांऐवजी दरवेळी आठच चिंचोके ठेवले तर प्रयोग फसतो, दुसऱ्याच फेरीला सगळे आठ लिहितात. अंदाज मोठ्याने सांगू दिले तर वर्ग हुशार मुलाच्या मागे जातो. आणि काही मुलं ‘आता मोठा आकडा यायची पाळी’ म्हणून उलटं लिहितात, त्यांचं उत्तर उणे येतं. ते खोडायला लावू नका.

दुसरा प्रयोग, नुकसानीचं वजन. पैसे वापरू नका. परवा शनिवारी प्रयोग असेल तर आज गुरुवारीच प्रत्येकाला २० चिंचोके द्या आणि सांगा, शनिवारी एका चिंचोक्याला एक भाजलेली शेंग. तीस मुलांना ६०० चिंचोके लागतील. आयत्या वेळी दिले तर ते फुकटचे वाटतात आणि मुलं बिनधास्त उडवतात. टॉम, पोल्ड्रॅक आणि सहकाऱ्यांनी २००७ च्या प्रयोगात याच कारणासाठी ३० डॉलर आधीच देऊन ठेवले होते. त्यात नुकसान फायद्याच्या सुमारे १.९ पट जड भरलं.

प्रश्न एकच: नाणेफेक, काटा पडला तर १० गेले, छापा पडला तर अमुक मिळाले, खेळणार का? अर्ध्या वर्गाला ‘अमुक’ ८, १०, १२, १५, २०, ३० द्या, उरलेल्यांना ६, ७, ८, १०, १२, १५. क्रम मिसळा. शेवटी प्रत्येकाच्या सहा आकड्यांपैकी एकच चिठ्ठीने काढून त्यावर नाणं उडवायचं हे आधी सांगा, म्हणजे प्रत्येक उत्तर मनापासून येईल. मूल १२ ला नाही आणि १५ ला हो म्हणालं, तर मध्य १३.५, त्याला जाणाऱ्या १० ने भागा, नुकसानीचं वजन १.३५. लहान आकड्यांच्या गटात सगळ्यालाच नाही म्हणणाऱ्यासमोर ‘१.५ पेक्षा जास्त’ इतकंच लिहा.

मग दोन्ही गटांत सामाईक असलेले ८, १०, १२, १५ हे चारच प्रश्न घ्या आणि हो म्हणणारे मोजा. वालासेक आणि स्ट्युअर्ट यांनी २०१५ मध्ये दाखवलं की समोर कोणत्या आकड्यांची रांग आहे त्यावरून हे वजन बदलतं, आणि फायदा-नुकसानीची रांग सारखी ठेवली तर ते दिसेनासंही होतं. ज्यांनी ३० बघितले त्यांना १५ थोडे वाटायला हवेत. तीस मुलांत फरक दिसला नाही, तर तसंच फळ्यावर लिहा आणि दुसऱ्या तुकडीत परत घ्या. आकडे जुळवून घेऊ नका.