दहा रुपयांच्या मटक्याने काय बिघडतं?

रोज दहा रुपयांचा आकडा लावला तर बिघडलं कुठे, असं तुम्ही विचारलंय. हिशेब बघा. शून्य ते नऊ असे आकडे दहा, पण एकेरी, म्हणजे लावलेला एकच आकडा, लागला तर रुपयाला नऊच मिळतात. म्हणजे लावत राहिलात की पैसा बुकीकडेच सरकत जाणार. १९६०च्या दशकात मुंबईत मटका फोफावला तेव्हा गिरणगावातल्या कितीतरी कामगारांचे पगार असेच गेले.

पण पैशापेक्षा मला खोटेपणाची जास्त भीती वाटते. आधी बायकोपासून चिठ्ठी लपवायची, मग मित्राकडून ‘आईच्या औषधाला’ म्हणून उसने घ्यायचे, मग मंगळसूत्र गहाण. हरलेलं परत मिळवायच्या नादात माणूस आपल्याच घरात चोर होतो. लपवायला सुरुवात झाली असेल तर आजच घरी सांगा.