ॲक्च्युअरी परीक्षेच्या सीएम१ला बसण्याआधी व्याजदर पक्के कर

पुण्यात फर्ग्युसनला किंवा विद्यापीठात संख्याशास्त्र शिकत असशील, तर संभाव्यता आणि रिग्रेशन वर्गातच तयार होतं. म्हणून ॲक्च्युअरीच्या, म्हणजे विमा-पेन्शनमधली जोखीम मोजणाऱ्या तज्ज्ञाच्या परीक्षांमध्ये आधी सीएस१ हा संख्याशास्त्राचा विषय दे. सीएम१ हा व्याज-हप्त्यांच्या गणिताचा विषय त्याच सेमिस्टरला जोडू नकोस, दोन्हींचे लेखी आणि संगणकावरचे मिळून चार पेपर अंगावर येतात.

सीएम१मध्ये पोरं अडकतात ती बहुतेक व्याजदरावर. समजा १ लाखाचं कर्ज, १२ मासिक हप्ते, दर १२ टक्के. हा दर नाममात्र, मासिक चक्रवाढीचा असेल तर महिन्याला १ टक्का, हप्ता ८,८८५ रुपये. प्रभावी वार्षिक, म्हणजे वर्षभराची चक्रवाढ धरूनच १२ टक्के असेल तर महिन्याला ०.९४९ टक्के, हप्ता ८,८५६. प्रश्नातला ‘नाममात्र’ की ‘प्रभावी’ हा एक शब्द वाचताक्षणी अधोरेखित कर.

एक्सेलमध्ये व्याज, मुद्दल, शिल्लक असे रकाने मांड. दर वेगळ्या सेलमध्ये ठेव आणि डॉलर चिन्हाने बांध, नाहीतर सूत्र खाली ओढलं की संदर्भ सरकतो. शेवटी शिल्लक शून्य आली म्हणून निर्धास्त होऊ नकोस, कारण हप्ता त्याच दराने काढला असेल तर दर चुकला तरी ती शून्यच येते! मासिक दर १२ महिने चक्रवाढीने वाढवून बघ: १ टक्क्याचे वर्षाला १२.६८ टक्के होतात, ०.९४९चे १२. सीएस१साठी आर (R) या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत रोज थोडं तरी स्वतः टाइप कर. नुसत्या छापील उत्तरांवर तो पेपर निघत नाही.