छिद्र असलेल्या चांदीच्या नाण्याची नोंद

उत्खननात छिद्र पाडलेले चांदीचे नाणे हाती आले की ते चोळून चकचकीत करण्याचा मोह नवशिक्याने आवरावा, कारण मातीतील क्षारांमुळे चांदीवर चढलेल्या सिल्व्हर क्लोराइडच्या राखी थरातच कित्येकदा अक्षरांचे बारकावे टिकून असतात आणि घासताना आधी तेच जातात. नाणे मातीच्या ज्या स्तरात सापडले तो स्तर आणि नेमके स्थान जागेवरच लिहावे.

खरा वेळ मात्र छिद्राला द्यावा. तिरप्या उजेडात भिंगातून पाहिल्यास एका बाजूची कड आत दबलेली आणि दुसरीकडची बाहेर उचललेली दिसते, त्यावरून टोचा कोणत्या बाजूने ठोकला ते कळते. कडेचा एखादाच भाग गुळगुळीत झिजून लांबट झाला असेल, तर नाणे दोऱ्यात बराच काळ लोंबकळले असावे. छिद्राची जागा घड्याळाच्या आकड्यांनी नोंदवावी: ते चेहऱ्याच्या माथ्यावर, म्हणजे १२ वाजता असेल, तर गळ्यात चेहरा सरळ दिसत असे. टाकसाळीचे वर्ष हे छिद्राचे वर्ष मानू नये. या चुकीतून मीही गेलो आहे. वजन ०.०१ ग्रॅमपर्यंत घ्यावे आणि त्यापुढे ‘छिद्रित’ असे लिहावे, अन्यथा पुढचा अभ्यासक हे कमी वजन टाकसाळीची लबाडी समजेल.