कादंबरीवरून निघालेले अलीकडचे चित्रपट पुस्तकापुढे फिके का वाटतात?

आपण विचारले आहे की, गाजलेल्या कादंबऱ्यांवरून अलीकडे निघालेले चित्रपट पुस्तकापुढे नेहमीच फिके का पडतात, त्यांतले कोणते पाहण्याजोगे आहेत आणि ‘ड्यून’ ही विज्ञानकादंबरी न वाचलेल्या माणसाने आधी पुस्तक हाती घ्यावे की चित्रपट पाहावा. यातले पहिले गृहीतक मला सरसकट मान्य नाही. प्रसंग गाळले म्हणून चित्रपट फसतो, असे माझ्या अनुभवास आलेले नाही. कादंबरीत जे पात्राच्या मनात घडते त्याला पडद्यावर पर्याय सापडला नाही, म्हणजे तो फसतो. पुढची सर्व मते याच कसोटीवर बेतलेली आहेत. काही कथानकांचा उलगडा करावा लागणार असल्यामुळे, ज्यांना तो आधी कळायला नको असेल त्यांनी इथेच थांबलेले बरे.

‘ड्यून’चेच उदाहरण घेऊ. फ्रँक हर्बर्ट यांची ही कादंबरी १९६५ साली पुस्तकरूपाने आली आणि तिची निम्मी गंमत पात्रांच्या स्वगतांत आहे. राजवाड्यातील मेजवानीचा प्रसंग आठवून पाहावा: वरवर शिष्टाचाराच्या गप्पा चालू असतात आणि प्रत्येक वाक्यामागे बोलणारा काय लपवत आहे, ऐकणाऱ्याने त्यातून काय ताडले, हे लेखक सांगत जातो. १९८४ च्या चित्रपटात हीच स्वगते कुजबुजत्या आवाजात ऐकवण्याचा प्रयोग झाला होता आणि तो मला आजही अवघडल्यासारखा वाटतो. दिग्दर्शक डेनी विल्नव्ह यांनी २०२१ च्या पहिल्या भागात मेजवानीचा प्रसंग पूर्णपणे वगळला. मात्र मुख्य पात्र पॉल आणि त्याची आई यांच्यात हाताच्या खुणांची एक गुप्त भाषा ठेवली. शत्रूच्या देखत दोघे बोटांच्या हालचालींनी बोलतात, तेव्हा ओठांवर एक आणि मनात दुसरेच, हा कादंबरीचा स्वभाव एक शब्दही न उच्चारता आपल्यापर्यंत पोहोचतो.

२०२४ च्या दुसऱ्या भागाने याहून धाडसाचे काम केले आहे. पॉल हा तारणहार नसून त्याच्या नावाने होऊ घातलेला संहार भयंकर आहे, असे हर्बर्ट यांना सुचवायचे होते, परंतु बहुतेक वाचकांनी त्याला नायक मानूनच डोक्यावर घेतले. कादंबरीतील चानी, म्हणजे वाळवंटातील लोकांमधली पॉलची प्रेयसी, त्याच्यावर शंका घेत नाही. त्याने राजकन्येशी विवाह करायचे ठरवल्यावरही ती त्याच्यासोबतच राहते. चित्रपटातील चानी मात्र तारणहार येईल या भविष्यवाणीवर विश्वास ठेवायला सुरुवातीपासून नकार देते, सारे गुडघे टेकत असताना उभी राहते आणि शेवटी एकटी निघून जाते. पुस्तकात जी शंका पॉलला पडणाऱ्या भीषण स्वप्नांतून डोकावते, ती इथे दुसऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर आली आहे. मूळ कथेशी ही फारकत आहे, तरी लेखकाचा हेतू तिच्यामुळे अधिक स्पष्ट झाला असे माझे मत आहे. तक्रार एकच: कादंबरीत जे घडायला काही वर्षे जातात ते चित्रपटात काही महिन्यांत उरकले जाते, त्यामुळे वाळवंटातील लोकांचे पॉलला आपला मानणे घाईचे वाटते.

रॉबर्ट हॅरिस यांच्या २०१६ च्या ‘कॉन्क्लेव्ह’चे गणित वेगळे आहे. नव्या पोपची निवड हा विषय, ती करणारे कार्डिनल म्हणजे चर्चचे ज्येष्ठ धर्मगुरू, बंद दारे, मतदानाच्या फेरीगणिक बदलणारी मते. प्रवासात एका बैठकीत वाचून संपवावी अशी ही रहस्यकथा. एडवर्ड बर्गर यांच्या २०२४ च्या चित्रपटाने कथानक जवळजवळ जसेच्या तसे ठेवले (मुख्य पात्र असलेला इटालियन कार्डिनल लोमेली इंग्रज लॉरेन्स झाला, असे काही बदल सोडले तर) आणि त्याच्या पटकथेला रूपांतरित पटकथेचे ऑस्करही मिळाले. या कार्डिनलच्या मनातली श्रद्धेची ओढाताण पुस्तकात पानोपानी येते. चित्रपटात ती रेफ फाइन्स यांच्या चेहऱ्यावर सोपवलेली आहे आणि तो चेहरा ती पेलतो. प्रवचनाच्या प्रसंगात लॉरेन्स तयार मजकूर सोडून मनापासून बोलू लागतो, तेव्हा बोलण्याआधीच्या क्षणभराच्या थांबण्यात पुस्तकातली कितीतरी पाने सामावली आहेत. शेवटचा धक्का मात्र मला दोन्हीकडे ओढूनताणून आणलेला वाटला, तेव्हा त्याचे खापर दिग्दर्शकावर फोडण्यात अर्थ नाही.

लोकप्रिय कथाविश्वाचीच थट्टा करणारा ‘अमेरिकन फिक्शन’ (२०२३) या कसोटीवर मला अर्धाच उतरलेला वाटतो. तो पर्सिव्हल एव्हरेट यांच्या २००१ च्या ‘इरेझर’ या कादंबरीवरून घेतला आहे. खपत नसलेला एक कृष्णवर्णीय लेखक, प्रकाशकांना हवी तशी साचेबंद कथा उपहासाने लिहितो आणि तीच डोक्यावर घेतली जाते. एव्हरेट यांनी ती उपहासकथा कादंबरीत सबंधच छापली आहे. वाचताना आपण हसतो, मग नकळत तिच्यात गुंततो आणि आपल्याच अभिरुचीविषयी ओशाळतो. चित्रपटात लेखकाच्या टेबलासमोर त्याची पात्रे उभी राहून संवाद म्हणतात, एवढ्या एका प्रसंगात ते आटोपले आहे. प्रसंग चतुर आहे, जेफ्री राईट यांचा अभिनय उत्तम आहे, परंतु प्रेक्षक केवळ हसतो, सापळ्यात सापडत नाही.

याउलट, समीक्षकांनी नाके मुरडलेल्या ‘इट एंड्स विथ अस’मध्ये (२०२४) एक गोष्ट मला मनापासून आवडली. कॉलीन हूव्हर यांच्या कादंबरीतील नायिका आपली हकिगत स्वतः सांगते, त्यामुळे नवऱ्याच्या हिंसेसाठी ती शोधत असलेल्या सबबी वाचकालाही पटू लागतात. चित्रपटात मारहाणीचे प्रसंग आधी अपघात वाटावेत असे तुकड्यातुकड्यांनी दाखवले आहेत आणि तिला सत्य स्वीकारावे लागते तेव्हा तेच प्रसंग पूर्ण दिसतात. बाकी चित्रपट गुळगुळीत आहे, संवाद बेतीव आहेत. पण संकलनाने निवेदकाची भूमिका बजावल्याचे इतके नेमके उदाहरण अलीकडे माझ्या पाहण्यात नाही.

आता ‘ड्यून’च्या क्रमाविषयी. आधी २०२१ चा चित्रपट पाहावा, कारण कादंबरीची सुरुवातीची पाने घराणी, पंथ आणि अपरिचित संज्ञा यांनी इतकी भरलेली आहेत की बरेच वाचक तिथेच पुस्तक मिटतात. चित्रपटामुळे नावांना चेहरे मिळतात. त्यानंतर दुसऱ्या भागाकडे लगेच न वळता कादंबरी शेवटपर्यंत वाचावी आणि मगच २०२४ चा चित्रपट पाहावा, म्हणजे चानीच्या बाबतीत दिग्दर्शकाने नेमके काय केले ते ध्यानात येईल. एवढे करूनही पॉल नायकच वाटला, तर १९६९ ची ‘ड्यून मसीहा’ वाचावी. ती पहिल्या कादंबरीच्या मानाने बरीच छोटी आहे आणि पॉलच्या विजयाची किंमत तिच्यात हर्बर्ट यांनी स्वतःच मांडली आहे.