हळदीपुरतं अंग साफ

“मॅडम, हळदीपुरतं तरी अंग साफ दिसायला हवं. पुढचं पुढे बघू.”

वाक्य आईचं. लेक शेजारच्या खुर्चीत, पूर्ण बाह्यांचा फिकट कुर्ता, ओढणी मानेपर्यंत ओढलेली. संक्रांत होऊन आठवडा झाला होता आणि नाशिकची थंडी अजून हटली नव्हती. मी एका त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात आठवड्यातून दोन दुपारी बसते. ज्यांचं औषध बरोबर चाललंय पण माणूस बरोबर नाही असं डॉक्टरांना वाटतं, ते माझ्याकडे येतात.

लेक सिन्नरच्या एका शाळेत शिकवते. नाव सांगणार नाही, आणि खोटं नाव द्यायला मला जड जातं, म्हणून लेकच म्हणू. सोरायसिस, म्हणजे अंगावर खवल्यांचे चट्टे उठणारा त्वचेचा आजार, पाच-सहा वर्षांपासून. सुपारी फुटली होती, मार्चात साखरपुडा, मेमध्ये लग्न. मुलाकडच्यांना काहीच माहीत नव्हतं. लग्नाआधी सांगायचं की नंतर, हा आईचा प्रश्न. माझ्याकडे सोरायसिसचे जेवढे लोक येतात, त्यातल्या अविवाहितांच्या घरून हाच प्रश्न येतो. फक्त इथे आईने उत्तरही आणलं होतं. पिशवीतून तिने वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पुडी काढून टेबलावर ठेवली.

पुडीकडे येते. आधी लेकीचं सांगते.

पहिल्या भेटीत ती जेमतेम दहा वाक्यं बोलली. निघताना मात्र उठली, वळली आणि ओढणीच्या टोकाने खुर्ची पुसली. मग बोटाच्या पेराने दोन-तीन पांढरे कण टिपून मुठीत घेतले. हे इतकं सवयीचं होतं की आईचं तिकडे लक्षही गेलं नाही. पुढच्या वेळी मी विचारलं तेव्हा कळलं, पाहुण्यांकडे मुक्कामाला गेली तर ती सगळ्यांच्या आधी उठते आणि अंथरूण झटकते. काळा कपडा तिच्याकडे एकही नाही. “शाळेत बरं पडतं,” ती म्हणाली, “खांद्यावर पडलेलं खडूची पूड म्हणून खपून जातं.” हे सांगताना ती पहिल्यांदा हसली.

डॉक्टरांच्या मापाने तिचा आजार मोठा नव्हता. आपला पंजा बोटांसकट अंगाच्या साधारण एक टक्का असतो, त्या हिशोबाने तिचे चट्टे चार पंजांत मावत होते. कोपरं, गुडघे, कंबरेच्या वर थोडं आणि डोक्यात. मग मी तिच्याकडून दहा प्रश्नांचा एक फॉर्म भरून घेतला. आजाराने गेल्या आठवड्यात रोजचं जगणं किती अडलं, कपडे निवडताना, बाहेर जाताना, कामात, जवळच्या माणसांत, हे त्यात विचारतात. जास्तीत जास्त गुण तीस, आणि दहाच्या वर गेले तर त्रास मोठा धरतात. तिचे एकोणीस आले. कागद डॉक्टरांसमोर ठेवला आणि नुसत्या मलमावर भागणार नाही हे त्यांनी तिथेच ठरवलं. चार पंजांचा आजार आणि एकोणीस गुण, यातली तफावत प्रिस्क्रिप्शनवर दिसत नाही.

आता पुडी.

सोळाव्या वर्षी लेकीचा घसा खूप धरला होता. पंधरा दिवसांनी पोटा-पाठीवर बारीक लाल ठिपके उठले, महिना-दोन महिन्यांत गेलेही. घशाच्या जंतुसंसर्गानंतर सोरायसिसची अशी सुरुवात होऊ शकते, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. नोकरीला लागली तेव्हा कोपरावर चट्टा आला. घरच्यांनी नायटा ठरवला, मेडिकलमधून ट्यूब आणली. या ‘सगळ्यावर चालणाऱ्या’ ट्यूबांत बहुतेकदा स्टेरॉइड असतं. 2018पासून स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत असा नियम आहे, पण काउंटरवर तो किती पाळला जातो ते आपण सगळे जाणतो. लावलं की जायचं, थांबवलं की दुपटीने यायचं. मग नात्यातल्या कुणीतरी पुडी सुचवली. मुळापासून जाईल, गॅरंटी.

महिन्याभरात अंग लख्ख झालं. चेहराही भरला, बायका म्हणाल्या तब्येत सुधारली. चौथ्या महिन्यात पैशांची ओढाताण झाली म्हणून पुडी बंद केली आणि दोन आठवड्यांत पोरगी डोक्यापासून पायापर्यंत लाल. अंगातून वाफा निघाव्यात तशी आग, वर थंडी वाजून हुडहुडी. चार दिवस ॲडमिट होती. त्या पुडीत काय होतं हे कुणी तपासलं नाही, पण भरलेला चेहरा आणि थांबवल्यावरचा भडका बघून डॉक्टरांना पोटात जाणाऱ्या स्टेरॉइडचा दाट संशय आहे. सोरायसिसमध्ये ते एकदम बंद केलं की आजार असा उसळतो, कधी जिवावर बेततं. हे सगळं भोगून झालं होतं आणि तीच पुडी आता माझ्या टेबलावर होती. हळदीपुरती.

मी आईवर चिडले नाही असं म्हटलं तर खोटं होईल. पण रागावून पुडी फेकली असती तर तिने दुसरी आणली असती. म्हणून विचारलं, “ताई, तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते?” बराच वेळ ती पिशवीचे बंद गुंडाळत राहिली. मग म्हणाली, “माझ्या वडिलांच्या ढोपरांना असंच होतं. आम्ही इसब म्हणायचो. ते लोक म्हणतील, तुमच्याकडूनच आलं.”

म्हणजे लेकीचं अंग झाकता झाकता ती स्वतःचं माहेर झाकत होती.

त्या दिवशी तिला मी पोळ्यांचा हिशोब सांगितला. त्वचेची पेशी खाली तयार होते आणि वर येऊन झडते, याला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये शरीराची संरक्षणयंत्रणा बिथरते आणि हेच काम तीन ते पाच दिवसांत उरकतं. तव्यावरची भाजायच्या आत पुढच्या चार लाटून तयार, मग कच्च्या पोळ्यांची चळत लागते. तेच ते खवले. यात जंतू नाही, म्हणून लागण नाही. एका ताटात जेवलं, एका अंथरुणात झोपलं तरी कुणाला होत नाही. आजेसासूबाई महारोग म्हणतील, ही आईची आणखी एक धास्ती. दोहोंचा काही संबंध नाही. आणि महारोगही औषधाने बरा होतो, 2019च्या कायद्याने तर घटस्फोटाच्या कारणांतूनही तो काढून टाकलाय. आपली भीती मात्र आजीच्या वेळचीच राहिली आहे.

आंबट, वांगं, मीठ, मासे हे सगळं आईने लेकीला वर्षानुवर्षं बंद केलं होतं. डॉक्टरांनी ते सोडवलं. सरसकट सोडावा असा कुठला पदार्थ सोरायसिसमध्ये नाही. दारू-तंबाखू टाळावी, वजन जास्त असेल तर उतरवावं, त्याचा फरक पडतो. ताणाने आजार वाढतो हेही खरं, पण ते वाक्य मी घरच्यांसमोर जपून बोलते. “तू टेन्शन घेतेस म्हणून होतं,” असा त्याचा दुसऱ्या दिवशी आरोप होतो.

लेकीची स्वतःची एक चूक होती. कांदेपोह्यांच्या आदल्या दिवशी तिने न्हाणीघरात वजरीने कोपरं रक्त येईपर्यंत घासली होती. दोन-तीन आठवड्यांत चट्टा वाढून मनगटाकडे सरकला. सोरायसिसच्या त्वचेला जिथे घासाल, खाजवाल, कापाल, तिथे नवा चट्टा उठू शकतो. हळदीला हौसेने अंग रगडतात, त्याची डॉक्टरांना म्हणूनच काळजी होती. चट्टे दिसतील याची त्यांना फिकीर नव्हती.

उपचार डॉक्टरांचा, मी फक्त तो निभतोय का बघते. मेथोट्रेक्सेटच्या गोळीचा विचार झाला आणि बाजूला पडला. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते (रोज घेऊन जीव धोक्यात आलेले रुग्ण डॉक्टरांनी पाहिलेत), आणि मूल होऊ द्यायचं असेल तर आधीच बंद करावी लागते. लग्न तोंडावर असताना ते नको वाटलं. प्रकाशोपचार ठरला. डोळ्यांना गॉगल लावून उभ्या पेटीत उभं राहायचं, 311 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश, सुरुवातीला काही सेकंद, मग हळूहळू वाढवत. आठवड्यातून दोनदा सिन्नरहून एस.टी.ने. केसांखाली तो प्रकाश पोचत नाही, म्हणून डोक्याला वेगळं लोशन आणि डांबराचा शॅम्पू. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली. मलमाला ती इतकी भ्यायलेली की एक ट्यूब तीन महिने पुरवायची. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत जेवढं बसतं तेवढं दोन पंजांना, हे माप नर्सने तिच्या बोटावर दाखवलं. डॉक्टरांनी सांगितलेल्या जागी, सांगितलेले दिवस. त्याहून कमी लावणं हीसुद्धा चूकच.

आणि सांगायचं कधी? माझं मत पहिल्यापासून पक्कं आहे. लग्नाआधी, आणि ज्याला आजार आहे त्याने स्वतः. मध्यस्थाने नाही, मामाने नाही, आईने तर नाहीच. हा जन्माचा सोबती आहे. आटोक्यात राहतो, महिनोन्‌महिने दिसतही नाही, पण परत येऊ शकतो. बंद खोलीत चोरून मलम लावत किती वर्षं काढणार?

लेकीने त्याला सांगायचं म्हणून दोन पानं लिहून आणली. पहिल्या पानावर पाच वेळा ‘सॉरी’ होतं. आम्ही दोघींनी बसून काटछाट केली तेव्हा एवढं उरलं: मला सोरायसिस आहे. तो कुणाला लागत नाही. औषधाने आटोक्यात राहतो, कायमचा जाईल असं सांगता येत नाही. मुलांना होण्याची थोडी शक्यता आहे. तुला बघायचं असेल तर दाखवते.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मिसळीच्या हॉटेलात तिने त्याला सांगितलं, बाही वर करून दाखवलंही. तो म्हणाला, “दुखतं का?” मग काहीच बोलला नाही. अकरा दिवस सकाळच्या मेसेजपलीकडे काही नाही. आईने मला तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा म्हणाली, “तुमच्या नादाने मोडलं तर?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सांगितल्यावर मोडलेली लग्नं मी पाहिली आहेत. सगळं गोड होतं असं मी कुणालाच सांगत नाही. तिलाही नाही सांगितलं.

बाराव्या दिवशी त्याच्या आईचा निरोप आला, डॉक्टरांना भेटायचंय. लेकीची आई तापली. संशय घेतात म्हणजे काय! मला उलट बरं वाटलं. ज्यांना मोडायचं असतं ते डॉक्टरांना भेटायला येत नाहीत.

त्या बाई आल्या, वहीत प्रश्न लिहून. नातवंडांना होईल का, हा पहिला. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, आईवडलांपैकी एकाला असेल तर दहातल्या एखाद्या मुलाला होतो, दोघांनाही असेल तर निम्म्याच्या आसपास. दहातल्या नवांना होत नाही, हे त्यांनी स्वतःच वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली. शेवटी विचारलं, “हळदीला बायका विचारतील, त्यांना काय सांगायचं?” कुणी काही बोलायच्या आत लेक म्हणाली, “सोरायसिस म्हणायचं.”

साखरपुडा पाडव्यावर गेला. एप्रिलअखेर चोवीस बैठका झाल्या, दोन एस.टी. चुकल्यामुळे बुडाल्या. कंबर आणि गुडघे जवळपास मोकळे झाले, कोपरांवर फिकट डाग राहिले. हळदीला मी गेले होते. एक आत्याबाई पदर खोचून रगडायच्या तयारीतच बसली होती. लेकीच्या आईने सगळ्यांसमोर तिचा हात धरला. “घासू नका हो, सोरायसिस आहे तिला. नुसती लावा.” मांडवात दोन-चार माना वळल्या. मग ढोलकी पुन्हा सुरू झाली.

डिसेंबरात ती पुन्हा आली, आता पुण्याहून. थंडीने कोपरं उठली होती, पुण्यात प्रकाशोपचार कुठे चालू करता येईल ते विचारायला. अंगात गडद निळा कुर्ता. उठताना हात सवयीने खुर्चीकडे गेला, मध्येच थांबला, आणि तरी तिने खुर्ची पुसलीच. दोघींनाही हसू आलं.

दारात गेल्यावर वळून म्हणाली, “आणि मॅडम, सकाळी बोटं आखडतात हल्ली. अंबाडा घालता येत नाही.”

“किती वेळ?”

“अर्धा-पाऊण तास. मग सुटतात.”

तिचा हात हातात घेऊन बघितला. दोन नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे होते आणि मधल्या बोटाचा सांधा किंचित सुजलेला. सोरायसिस काहींच्या सांध्यांतही उतरतो, आणि तो वेळेत धरला नाही तर सांधे कायमचे वाकडे होतात. डॉक्टर अजून होते. मी तिला तशीच पलीकडच्या खोलीकडे नेली.

“सासूबाईंना माहीत आहे,” चालता चालता ती म्हणाली. “आईला नका सांगू एवढ्यात. ती पुडी शोधायला निघेल.”