म्युनिकला येताय म्हणून

"नवऱ्याला म्युनिकला नोकरी लागली आहे, मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत. कागदपत्रांखेरीज कशाची तयारी करू? एकटेपणा येतो का?" असं तुम्ही विचारलंत. दोन ओळींत उत्तर द्यायला बसले होते, पण ‘मुलगा आठ वर्षांचा’ इथेच अडकले. आम्ही आलो तेव्हा माझाही आठचाच होता.

व्हिसा, ब्लू कार्ड (उच्चशिक्षितांना मिळणारा इथे राहण्या-कामाचा परवाना), विमा हे सगळं सरकारी साइटवर आहे, ते सांगत बसत नाही. एका कागदाबद्दल मात्र बोलणार आहे, कारण तो अजून माझ्या मनातून जात नाही.

इथे राहायला आलं की दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा असतो. त्यासाठी घरमालकाने लिहून द्यावं लागतं की हो, ही माणसं माझ्या घरात राहतात. फॉर्मचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. ते म्हणायला शिकण्यातच माझा आठवडा गेला. हे लिहून देणं मालकाला कायद्याने भाग आहे, पण २०२१ साली मला ते ठाऊक नव्हतं. आमचा पहिला मालक रोज ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणायचा. नोंदणी नाही म्हणून टॅक्स नंबर नाही, शाळा नाही. पोरगा पाच आठवडे खिडकीत बसून ट्राम मोजत होता.

शेवटी खालच्या मजल्यावरची बाई धावून आली. १९९२ साली बोस्नियाच्या युद्धातून पळून आलेली. इथली पहिली कित्येक वर्षं तिने दर थोड्या महिन्यांनी मुदत वाढवून घ्यायच्या कागदावर काढली होती. जिन्यात तिने माझ्या हातातला कोरा फॉर्म पाहिला आणि सुट्टीच्या दिवशी मला घेऊन मालकाकडे गेली. आवाज न चढवता पंधरा मिनिटं बोलली. सही मिळाली. मी डबाभर बेसनाचे लाडू नेऊन दिले, तर म्हणाली, फार गोड आहेत. डबा परत आला तो आलुबुखारच्या जॅमने भरून.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कोथरूडच्या आमच्या सोसायटीतले वॉचमनकाका डोळ्यांपुढे येत राहिले. लातूरकडचे होते. बायको-मुलीसह पार्किंगमधल्या खोलीत राहायचे. २०१९ मध्ये मुलीला पहिलीत घालायची म्हणून ते माझ्याकडे आले. मी खजिनदार. "ताई, हितं राहतो म्हणून सोसायटीचं येक पत्र द्या." मी नाही म्हटलं. लेटरहेडवर लिहून दिलं तर उद्या खोलीवर हक्क सांगतील, असं कमिटीत ठरलं होतं, आणि ते बोलून दाखवणारी पहिली मीच होते. तीन वेळा आले. तिसऱ्यांदा मी दार अर्धंच उघडलं, कानाला फोन तसाच.

तोच कागद हो. भाषा तेवढी वेगळी.

आता शाळा. इथे बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, चौथीतच मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. मेच्या सुरुवातीला दाखला येतो. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तिघांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियम (विद्यापीठाकडे नेणारी शाळा), २.६६ पर्यंत रेआलशूलं (मधल्या पातळीची), नाहीतर मिटेलशूलं (कामधंद्याकडे नेणारी). १ म्हणजे उत्तम, ६ म्हणजे नापास. माझ्या मुलाला गणितात १, परिसर अभ्यासात ३, जर्मनमध्ये ४ मिळाले. करा हिशोब: २.६६, म्हणजे गिम्नाझियम हुकलं. वर्गाच्या बाईंनी हसून हस्तांदोलन केलं, मीही ‘डांकं’, म्हणजे ‘धन्यवाद’, म्हणून आले. पुढच्या वर्षी कळलं की जी मुलं पहिलीपासून इथे शिकलेली नाहीत आणि ज्यांची मातृभाषा जर्मन नाही, त्यांची सरासरी जर्मन कच्चं असल्यामुळे खाली आली असेल, तर ३.३३ पर्यंतही गिम्नाझियमसाठी सूट देता येते. आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही. मुलगा आता सातवीत आहे, मजेत आहे. म्हणतो, आई, त्रास मला नाही, तुला होतोय. खरं आहे.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. नोव्हेंबरात साडेचारला अंधार पडतो, रविवारी दुकानं बंद. दिवे लावायचे आणि स्वयंपाकाला लागायचं.

हल्ली महिन्यातून दोन शनिवारी मी लोकांचे फॉर्म भरून देते. अफगाण, युक्रेनी, आपलीही माणसं येतात. मोठं पुण्य करतेय असं समजू नका. कुणी दारात फॉर्म घेऊन उभं राहिलं की मला आता दार अर्धं ठेवता येत नाही, इतकंच.

गेल्या डिसेंबरात पुण्याला गेले तेव्हा काकांची चौकशी केली. आता एजन्सीचे गार्ड आहेत, कॅमेरे आहेत. सेक्रेटरींनी जुनं वही-रजिस्टर काढून दिलं. पगाराच्या नोंदी माझ्याच अक्षरातल्या, चार वर्षांच्या. प्रत्येक महिन्यापुढे नुसतं ‘वॉचमन’ लिहिलेलं.

मुलाचं जर्मन आत्ताच सुरू करा. आणि घर ठरवताना, पैसे भरायच्या आधी, मालकाला त्या फॉर्मचं विचारा. नाव म्हणता येत नसेल तर लिहून दाखवा.